मगदुमांच्या रानातली तुटाळ

“एक तरी तुटाळ दाखवा,” त्रिशलाअक्का म्हणाल्या. “दावलासा तर आजपासून चहा सोडतो.”

शिरोळकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी सोडतो’ असंच बोलतात. ठाण्याहून आलेल्या मला पहिला महिनाभर ते ऐकून हसू यायचं, आणि नंतर मीच घरी फोनवर ‘मी जेवलो’ म्हणायला लागले. तुटाळ म्हणजे उसाच्या सरीत रोप मरून राहिलेली मोकळी जागा. शिरोळ भागात ज्याच्या रानात तुटाळ दिसते, त्याच्याबद्दल गावात फार बरं बोललं जात नाही. आणि सर्वांत जास्त बोलणाऱ्या त्रिशलाअक्काच असत. रस्त्याने जाताना दुसऱ्याच्या रानातल्या तुटाळी मोजायच्या आणि त्या घरच्या बाईला चारचौघींत त्याचा आकडा सांगायचा, हा त्यांचा छंद होता.

मार्च महिना होता. छातीपर्यंत वाढलेला ऊस, मागे नदीकाठची झाडं आणि माझ्या हातात संशोधन केंद्रातल्या एका सहकाऱ्याकडून मागून आणलेला कॅमेरा. तीन दिवसांनी होणाऱ्या चर्चासत्रासाठी मला रानाच्या या तुकड्याचा फोटो हवा होता. अक्का त्यात उभ्या राहणार म्हणून ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. मी कॅमेऱ्यातून बघितलं. खरंच, सगळ्या सऱ्या गच्च भरलेल्या होत्या.

“नाही दिसत एकही,” मी म्हणाले.

अक्कांना एवढंच ऐकायचं होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करत होते. ऊस संशोधन केंद्राच्या वसतिगृहात राहायचं, मोपेडवरून गावोगाव फिरायचं आणि लोकांच्या उसाची मुळं उकरून आणायची, हा माझा दिनक्रम. प्रश्न तसा साधा होता. ऊस बी पेरून लावत नाहीत. उभ्या उसाची दोन-दोन डोळ्यांची कांडी, म्हणजे टिपरी, तोडतात आणि सरीत दाबतात. त्या टिपरीबरोबर जुन्या उसातले जिवाणूही नव्या उसात येतात. त्यातला एक फार गुणाचा. हवेतला नत्र पकडून उसाला देतो, म्हणजे तेवढा युरिया वाचतो. टिश्यू कल्चरची रोपं मात्र प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत जन्माला येतात. त्यांना रोग नसतो, पण सोबतही कुणाची नसते. असं एकटं रोप रानात लावलं तर तो गुणाचा जिवाणू आपला आपण त्याच्या मुळांत येऊन राहतो का, हे मला शोधायचं होतं. येत असेल तर उत्तम. येत नसेल तर शेतकऱ्याने रोप लावताना तो मुद्दाम द्यायला हवा.

या कामासाठी भूपालअण्णा मगदुमांनी मला त्यांच्या रस्त्याकडेच्या रानातले दोन लहान तुकडे दिले होते. ऑक्टोबरात एकात टिपरी लावली, दुसऱ्यात बाटलीतली दीडशे रोपं. जात दोन्हीकडे एकच. काय काय करायचं नाही याची मी एक लांबलचक यादी दिली होती. शेण घालायचं नाही, जिवाणूंचं औषध पाजायचं नाही, टिपरीच्या तुकड्यातलं पाणी बाटलीच्या तुकड्यात सोडायचं नाही, इकडचं खुरपं तिकडे वापरायचं नाही. अण्णांनी यादी भिंतीवर चिकटवली आणि पारावर जाऊन जाहीर केलं, “बाईंच्या तुकड्याला कुणी हात लावायचा न्हाई.”

त्रिशलाअक्का अण्णांच्या पत्नी. घरातलं, गोठ्यातलं आणि खरं सांगायचं तर रानातलंही त्याच बघत. अण्णा जाहीर करायचं काम करत. आमची पहिली ओळख मुळांवरूनच झाली. मी खुरपं घेऊन बसले होते आणि मुळांच्या आत लाखो जीव राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत, असं त्यांना मोठ्या कौतुकाने समजावत होते. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“हे तुमाला आत्ता कळलं?” त्या म्हणाल्या.

मगदूम जैन. त्यांच्या घरात बटाटा नाही, गाजर नाही, मुळा नाही. जमिनीखाली वाढणारं काहीच नाही.

“आमचे महाराज सांगतात, बोटभर मुळात अनंत जीव असतात,” अक्का म्हणाल्या. “म्हणून तर खात न्हाई.”

“किती असतात तेच मोजायला आलेय मी.”

“अनंत म्हटल्यावर मोजतासा काय?”

पुढे त्यांना कळलं की मी ती मुळं केंद्रावर नेऊन आधी स्पिरिटने आणि ब्लीचने धुते, म्हणजे वरवरचे जीव मरतात आणि आत राहणारे तेवढे उरतात.

“बाहेरचे मारतासा आणि आतले मोजतासा?”

“हो.”

“आणि मोजून झाल्यावर आतल्यांचं काय करतासा?”

मी विषय बदलला. त्या दिवसापासून मी मुळांची पिशवी घेऊन निघाले की अक्का हात जोडून पुटपुटायच्या. माझ्या वतीने त्या सगळ्या जिवांची क्षमा मागत असत. मला त्याची गंमत वाटायची, आणि जेवायला थांबवलं की मी थांबायचे. गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही आणि वर वाटीत काकवी. वसतिगृहाच्या जेवणाशी तुलनाच नको.

फेब्रुवारीत मी बाटलीच्या तुकड्यातली चाळीस बेटं, म्हणजे एकेका रोपाला फुटलेल्या उसांचे झुबके, निवडली, त्यांना पत्र्याचे क्रमांकाचे बिल्ले बांधले आणि प्रत्येकाची थोडी थोडी मुळं नेली. मुळं कुटून भरपूर साखर घातलेल्या प्लेटांवर पसरली की तो गुणाचा जिवाणू गडद नारिंगी ठिपक्यांच्या रूपाने उगवतो. टिपरीच्या तुकड्यातल्या जवळपास सगळ्या प्लेटा नारिंगी झाल्या. ते होणारच होतं. बाटलीच्या तुकड्यात काही उगवेल अशी कुणाला फारशी आशा नव्हती. पण चाळीसपैकी अकरा प्लेटा नारिंगी झाल्या.

मी पुन्हा मुळं आणली, पुन्हा केलं. तीच अकरा.

याचा अर्थ अवघ्या चार-पाच महिन्यांत एकटी रोपं मातीतून स्वतःच सोबत मिळवत होती. माझे मार्गदर्शक डॉ. रत्नपारखी कशालाही फक्त ‘बरं’ म्हणत. त्या दिवशी ते ‘बरं, बरं’ म्हणाले आणि संध्याकाळी स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन बसले.

“हाच तुमचा प्रबंध,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यातल्या चर्चासत्रात मांडा. जूनच्या आत सादर करा.”

जूनची गोष्ट महत्त्वाची होती. पुण्याच्या एका कॉलेजने मला अधिव्याख्यात्याची जागा देऊ केली होती; अट एकच, जूनपर्यंत प्रबंध सादर झाला पाहिजे. तीन वर्षं चिखलात बसून काढल्यावर मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की आईने सोसायटीत पेढेही वाटून टाकले होते आणि मी तिला ओरडले नव्हते.

तर असा सगळा आनंदीआनंद असताना मी त्या सकाळी रानात कॅमेरा घेऊन उभी होते, आणि अक्का म्हणत होत्या, “दिसंल कशी? दिवाळीला तुमी गावाला गेलासा, तवा किती पोरं मरून पडली होती बाटलीतली. रस्त्याकडंचं रान. येणारा-जाणारा काय म्हणंल? मी एकेक तुटाळ भरलो. ह्यांना सुदीक सांगिटलो न्हाई.”

मी कॅमेरा खाली घेतला.

“कशाने भरलीत?”

“कशानं म्हंजे? टिपरीची रोपं होती की पिशवीत, बांधाला. तीच जात. वळखू तरी येतंय काय बघा.”

ऊस लावला की थोडी टिपरी वेगळी पिशव्यांत लावून ठेवायची, महिन्याभराने जिथे तुटाळ दिसेल तिथे त्यातलं रोप लावायचं. तिथल्या प्रत्येक घरात हे इतकं ठरलेलं असतं की कुणी कुणाला सांगत नाही. ठाण्यात वाढलेल्या मला ते माहीत नव्हतं, म्हणून माझ्या यादीत ते नव्हतं. आणि अक्कांच्या लेखी तुटाळ भरणं म्हणजे तुकड्याला हात लावणं नव्हतंच. अंगणात सडा टाकण्याला कुणी हात लावणं म्हणतं का?

“किती भरलीत?”

“अडतीस,” त्या लगेच म्हणाल्या. आकडा तोंडपाठ होता.

मी पिशवीतून वही काढली. अजून मला आशा होती. दीडशे बेटांत अडतीस; माझी अकरा त्यात नसतीलही. मी पहिल्या सरीत शिरले आणि बिल्ला क्रमांक तीनपाशी थांबले. याची प्लेट कोरी होती.

“हे कुणाचं?”

“तुमचं,” अक्का म्हणाल्या.

क्रमांक चार. याची प्लेट नारिंगी.

“हे?”

“हे माझं.”

“कशावरून?”

त्यांनी खुरप्याने बुडातली माती बाजूला केली. आत काळं पडलेलं, कुजत आलेलं टिपरीचं जुनं कांडं होतं. बाटलीतल्या रोपाच्या बुडात असं कांडं असूच शकत नाही. उसाला इजा नको म्हणून मी प्रत्येक वेळी वीतभर अंतरावरून, एकाच बाजूची मुळं घेतली होती. बुडापाशी खुरपं एकदाही घातलं नव्हतं.

आम्ही सगळ्या सऱ्या फिरलो. मी बिल्ल्यापाशी थांबायचे, अक्का ‘तुमचं’ किंवा ‘माझं’ म्हणायच्या आणि मी वहीत बघायचे. त्यांना यात मोठी मजा वाटत होती. कुणीतरी त्यांच्या कामाची इतकी बारकाईने पाहणी करतंय याचा त्यांना अभिमान होता. शेवटच्या सरीतून बाहेर आलो तेव्हा हिशेब स्वच्छ होता. नारिंगी अकरा. अक्कांची अकरा. माझ्या बाटलीतल्या रोपांत कुणीही राहायला आलं नव्हतं.

मी बांधावर बसले.

“काय झालं बाई? उन्हानं का काय?”

“काही नाही.”

“माझ्यामुळं काय बिघडलं काय?”

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणाले, “नाही हो, अक्का.” आणि मग त्याच दमात म्हणाले, “फक्त तुटाळ भरली हे कुणाला सांगू नका. कुणीही विचारलं तरी. जूनपर्यंत.”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. का, असं त्यांनी विचारलं नाही. मी बहुतेक फारच दीनवाणी दिसत असणार.

“बरं,” त्या म्हणाल्या. “न्हाई सांगत. शब्द दिलो.”

मग आम्ही फोटो काढला. त्यात त्या हसतायत.

पुढचे तीन दिवस मी स्वतःची वकिली करण्यात घालवले, आणि वकील म्हणून मी बरी होते. मी काही खोटं लिहिलं नव्हतं. प्लेटा खऱ्या होत्या. चूक माझी नव्हती. पुढच्या वर्षी पुण्यात स्थिरस्थावर झाल्यावर मी हाच प्रयोग गुपचूप पुन्हा करीन आणि काही वेगळं निघालं तर छापीन. शिवाय असं मातीतून येणं शक्य आहेच ना, कुणी नाही म्हणू शकतं का? रत्नपारखी सरांना सांगायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा त्यांच्याकडे स्टेपलर मागून परत आले.

चर्चासत्राला सभागृह भरलं होतं. मागच्या रांगांत टेम्पो करून आलेले शेतकरी होते, त्यात मगदुमांच्या गावचे पंधरा-वीस. पहिल्या रांगेत, ज्यांनी प्रयोगाला रान दिलं ते शेतकरी, सपत्नीक. शेवटी त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार होणार होता. अण्णांची टोपी कडक इस्त्रीची. अक्का इरकली साडीत. बाजूच्या बोर्डावर आम्ही काढलेला फोटो मोठा करून लावला होता.

मी चांगलं बोलले. आवाज कापला नाही. नारिंगी प्लेटांचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा दोन-तीन लोकांनी वहीत काही टिपून घेतलं. “म्हणजे बाटलीतल्या रोपाला वेगळा जिवाणू देण्याचा खर्च शेतकऱ्याला करायची गरज नाही,” असं म्हणून मी संपवलं. टाळ्या झाल्या.

मग इंगवले साहेब उठले. तीस वर्षं उसाची लागवड शिकवून निवृत्त झालेले. चर्चासत्रात ते बहुधा डोळे मिटून बसत, पण झोपलेले कधीच नसत.

“बाई, बाटलीतली रोपं मीही लावलीत,” ते म्हणाले. “त्यातली पुष्कळशी पहिल्या महिन्यात जातात. तुमची किती गेली?”

“काही गेली,” मी म्हणाले.

“मग तुटाळ भरली ती कशानं?”

मी कागद चाळायला लागले, जणू तिथे कुठे ते लिहिलेलं होतं.

रत्नपारखी सरांच्या मनात पाप नव्हतं. ते म्हणाले, “शेतकरी इथेच आहेत की. मगदूम, तुम्हीच सांगा.”

अण्णा आनंदाने उठले. “आमच्या रानात साहेब, एकबी तुटाळ—”

अक्कांनी त्यांचा सदरा मागून ओढला, त्यांना खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

“भरली न्हाई,” त्या म्हणाल्या. “तशीच सोडलो.”

“तशीच?” इंगवले म्हणाले. “रस्त्याकडंच्या रानात?”

“व्हय.”

मागच्या रांगांत कुजबुज झाली. अण्णा तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत होते. गावातला कुणीतरी जरा मोठ्याने म्हणाला, “अक्का, आमच्या तुटाळी मोजत फिरायचासा की तुमी.” सगळे हसले. टेम्पोतली सगळी माणसं मनापासून हसली. कित्येक वर्षांचं उट्टं निघत होतं.

इंगवले बोर्डाजवळ गेले, फोटो जवळून बघितला. “फोटोत तर एकही दिसत नाही.”

“पल्याडच्या अंगाला हायत,” अक्का म्हणाल्या. त्या जमिनीकडे बघत होत्या. मान कानापर्यंत लाल झाली होती. “लई हायत.”

पुन्हा हशा.

मला तेव्हा जी लाज वाटली तशी त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. या बाईने अडतीस खड्डे वाकून भरले होते ते एकही तुटाळ दिसू नये म्हणून. आणि आता ती सगळ्या गावासमोर आपल्या रानात खूप तुटाळी आहेत असं सांगत होती, का ते माहीत नसताना. मी मागितलं म्हणून, एवढंच कारण होतं. तिच्या घरी खोटं बोलणं हे बटाटा खाण्याहून मोठं पाप होतं. माझी सगळी वकिली त्या ‘लई हायत’ने एका क्षणात संपली.

“अक्का खरं बोलत नाहीयेत,” मी माइकवर म्हणाले. “मी त्यांना तसं सांगायला लावलंय.”

अक्कांनी झटकन मान वर केली.

“त्यांच्या रानात एकही तुटाळ नाही. त्यांनी अडतीस ठिकाणी टिपरीची रोपं लावली. माझ्या अकरा नारिंगी प्लेटा म्हणजे त्यांची अकरा रोपं आहेत. त्यांचे जिवाणू टिपरीतून आलेत, मातीतून नाही. बाटलीतल्या रोपांत मला एकही सापडलेला नाही. हे मला तीन दिवसांपासून माहीत आहे.”

आणखी काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी प्रोजेक्टर बंद केला. पडद्यावरच्या नारिंगी प्लेटा गेल्या.

“बरं,” रत्नपारखी सर म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं ‘बरं’ नव्हतं. मग म्हणाले, “जूनचं आता विसरा.”

इंगवले साहेब आपल्या खुर्चीकडे जाता जाता थांबले. “पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा लावा,” ते म्हणाले. “आणि बुडात खुरपं घालून बघत जा.” बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

सत्कार झाला. अण्णांनी शाल घेतली, पण त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. चहाच्या टेबलापाशी मी अक्कांना गाठलं. माफी मागायची म्हणून वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते त्यांनी बोलू दिलं नाही.

“सांगायचंच होतं तर मला कशाला उभं केलासा?” त्या तापल्या होत्या. “उगंच एवढ्या लोकांत खोटं बोललो. आता उद्या उपास धरावा लागतोय.”

“मीपण धरते, अक्का.”

“धरा की. तुमचा तर दोन दिवसांचा हाय.”

मी धरला. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत. नंतर वसतिगृहाच्या खाटेवर बसून बिस्किटांचा पुडा संपवला आणि पुण्याच्या जागेसाठी पोटभर रडून घेतलं. आईला फोन केला तेव्हा ती पहिलं वाक्य ‘पेढ्यांचं काय सांगू लोकांना’ असं म्हणाली, म्हणजे तिनेही ते बऱ्यापैकी घेतलं. ती जागा पुढे दुसऱ्या कुणाला मिळाली. बराच काळ मला त्या कॉलेजवरून रिक्षाने जायलाही नको वाटायचं.

पुन्हा प्रयोग करायचा तर रान हवं होतं. मगदुमांकडे तोंड घेऊन जायची माझी हिंमत नव्हती. सप्टेंबरात अण्णाच केंद्रावर आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, “तिनं विचारलंय, कधी लावायचं.”

“कुठे?”

“रस्त्याकडंलाच. दुसऱ्या अंगाला. यादी नवी द्या म्हटलीय.”

मी नवी यादी केली. या वेळी पहिल्याच ओळीत लिहिलं, तुटाळ भरायची नाही. यादी अक्कांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती ओळ वाचली, दोनदा वाचली आणि यादी घडी करून कमरेला खोचली. ऑक्टोबरात आम्ही दीडशे रोपं लावली. दिवाळीपर्यंत एकेचाळीस मेली.

तो सगळा हंगाम गावाने मजेत घालवला. नदीकडे जाताना ड्रायव्हर मगदुमांच्या रानापाशी बस मुद्दाम हळू करतो, असं मला कुणीतरी सांगितलं. ज्या घरांच्या तुटाळी अक्कांनी मोजल्या होत्या त्या घरांतल्या बायका आता जाता-येता थांबून मोजत. अण्णांनी कोपऱ्यावर ‘शास्त्रीय प्रयोग’ असा फलक लावायचा घाट घातला होता. अक्कांनी तो लावू दिला नाही. लोकांना मुद्दाम सांगत बसायचं कशाला, असं त्या म्हणाल्या म्हणे.

मार्चमध्ये मी मुळं घ्यायला गेले. त्या मुळांच्या प्लेटा पुढे कोऱ्याच राहिल्या, चाळीसच्या चाळीस. बाटलीतल्या रोपाला तो जिवाणू मुद्दाम द्यावा लागतो, असं मी प्रबंधात लिहिलं आणि ते अजून टिकून आहे. पण त्या दिवशी मला त्यातलं काही माहीत नव्हतं. अक्का आणि मी सरीत उकिडव्या बसलो होतो. या वेळी बुडात खुरपं घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. माती बाजूला करायची, आत जुनं कांडं नाही हे मला दाखवायचं, मगच पुढे सरकायचं. रस्त्यावरून कुणीतरी सायकलवरून गेलं आणि ओरडून गेलं, “अक्का, किती झाल्या?”

“एकेचाळीस,” अक्का मान वर न करता म्हणाल्या.

सायकल गेली.

“वाईट वाटतं का हो, अक्का?”

“वाटतं की. रोज सकाळी उठून रान बघितलं की वाटतं.”

“एखाद-दुसरी भरली असतीत तर मला कळलंही नसतं.”

त्यांचं खुरपं थांबलं नाही. “तुमी एवढ्या लोकांत उभं ऱ्हाऊन खरं सांगिटलासा,” त्या म्हणाल्या. “आणि मी हितं कुणी बघत न्हाई म्हणून भरू व्हय?”

त्या पुढच्या बेटाकडे सरकल्या. मध्ये तीन रोपांची जागा मोकळी होती. ती ओलांडून मी त्यांच्या मागे गेले.